इरकलीचा दोरा

"ह्यात दुसऱ्या कुणाचा एक केस न्हाई, वैनी. सगळं माझंच हाय," असं म्हणत मालननं मांडीवरच्या फडक्याची गाठ सोडली.

आत केसांचा एवढा मोठा गोळा होता की पोरीनं पाखराचं घरटंच उचलून आणलंय असं मला वाटलं. मुदतीचा ताप एकवीस दिवस तिच्या अंगात मुक्कामाला होता. तो उतरल्यावर महिनाभर तिचे केस मूठमूठ गळत होते. गळेल ती मूठ तिनं उशाखाली जपून ठेवली होती. आता डोक्याला पंचाचं फडकं घट्ट बांधून ती आमच्या पडवीत बसली होती. वय असेल तेरा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ही गोष्ट बासष्ट सालातली. हिरण्यकेशीच्या काठच्या एका बाजाराच्या गावात आमचं कासाराचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी. माझे यजमान बांगड्यांचे पेटारे घेऊन जत्रा फिरत. घरी मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणे. बांगड्या काय, कुठलाही कासार भरतो. पण गंगावन घ्यायचं तर आत्याबाईंकडूनच, असं पंचक्रोशीत बोललं जाई. गंगावन म्हणजे वेणीत मिसळून बांधायचा खऱ्या केसांचा जुडगा. हल्ली माझी नातसून पार्लरमधून आणते, त्याला क्लिपा असतात आणि नाव इंग्रजी असतं. वस्तू तीच.

"आत्याबाईंना दाखवलंस?" मी विचारलं.

"त्या नगं म्हणतील. म्हणून तर त्या नदीला गेलेल्या बघून आले."

पोरगी हुशार होती. आत्याबाई नकोच म्हणाल्या असत्या. कापलेल्या वेणीचं गंगावन सोपं असतं. वेणी बांधून कापली की सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि शेंडे एका बाजूला राहतात. गळलेल्या केसांची गुंतवळ तशी नसते. त्यात कुणाचं मूळ वर, कुणाचं खाली. ती तशीच बांधली तर केस एकमेकांना धरतात आणि मग सोडत नाहीत. म्हणून गुंतवळीतला एकेक केस आत्याबाई चिमटीत धरत आणि अंगठा पुढं-मागं चोळत. केस आपोआप एका अंगाला सरकतो. ज्या अंगाला सरकला तिकडं मूळ. तुम्हीही एक उपटून करून बघा. असे केस लावत बसायचं म्हणजे एका गंगावनाला दोन महिने.

"तयार आहेत की दुकानात," मी म्हटलं. "तुझ्या रंगाचं बघून देते."

"मेलेल्या बाईचं असलं तर?"

"मेलेल्या बाईचं असतं असं कुणी सांगितलं तुला?"

"आज्जी म्हणती." मग ती खाली बघून म्हणाली, "माझंच पायजे. पोरं टकली म्हणत्यात. पाण्याला गेले की फडकं वढत्यात."

तिला आईबाप नव्हते. आजी होती, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि म्हादबा नावाचा चुलता होता, तो दिवसभर दुसऱ्याच्या रानात. पोरीच्या डोक्यावर काय आहे आणि काय नाही, हे बघायला घरात कुणी नव्हतं.

"दोन महिन्यांनी ये," मी म्हटलं.

"पंचमीला झोकं बांधत्यात. पंचमी बारा दिसावर हाय."

झोक्यावर उभं राहून उंच चढायचं आणि वेणी पाठीमागं उडवायची, हे त्या वयात किती मोठं असतं ते मला सांगायला नको होतं. मी स्वतः दोन वर्षांपूर्वीपर्यंत तेच करत होते. मी हो म्हटलं.

"कुणाला सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "आत्याबाईस्नीबी न्हाई. देवीची आण घाला."

मी आण घातली. एकोणिसाव्या वर्षी आण घालायला काय जातं?

आत्याबाई दुपारी कलंडल्या की मी माळ्यावर जाऊन बसे. पहिले चार दिवस मी एकेक केस चोळून, मूळ बघून लावला. मग बोटांची कातडी निघाली, पंचमी जवळ आली आणि उरलेला गोळा मी नुसता विंचरला आणि तसाच जुडग्यात घातला. वरून इतकं सुरेख दिसत होतं की माझं मलाच कौतुक वाटलं. बांधायला आत्याबाईंच्या काळ्या दोऱ्याला हात लावायची सोय नव्हती, रीळ किती उतरलं ते त्यांना नजरेनं कळे. मग मी माझ्या लग्नातल्या इरकलीच्या काठाचा तांबडा रेशमी दोरा ओढून काढला आणि सात वेढे देऊन गाठ मारली.

मालनला तिच्या उरलेल्या विरळ केसांत ते बांधून दिलं आणि बजावलं, "रात्री काढून खुंटीला टांगायचं. धुवायचं तर रिठ्याच्या पाण्यात नुसतं बुडवायचं, चोळायचं नाही. सावलीत वाळवायचं. ओलं कधी बांधायचं नाही. तेल शेंड्यांना. आणि आठ दिवसांनी एकदा माझ्याकडे आण, मी विंचरून देईन."

"व्हय," ती म्हणाली. ती ऐकत नव्हती. वेणी पुढं घेऊन हातानं कुरवाळत होती.

पंचमीला वेशीवरच्या चिंचेला झोके लागले. पडवीतून मला चिंचेचा शेंडा दिसे आणि झोका वर आला की झोक्यावरची पोर. मालन वर आली आणि वेणी तिच्यापेक्षा हातभर उंच गेली. फडक्याखाली केस होतेच, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. त्या दिवशी मी फार खूश होते.

ती परत काही विंचरून घ्यायला आली नाही. दिवाळीनंतर म्हादबा घरदार घेऊन गुऱ्हाळावर कामाला गेला, तो पौषात परतला.

माघ लागला आणि एका बाजारच्या दिवशी सुताराची सून बांगड्या भरायला बसली. हात माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "कळलं का, म्हादबाच्या मालनला देवीनं धरलं. जट आली."

त्या काळच्या त्या भागातल्या माणसाला ह्यापुढं काही सांगावं लागत नसे. केसांची दोरी झाली, सुटेना, की ते देवीचं बोलावणं. त्याला कात्री लावायची नाही. पोरीला पुनवेला देवीच्या डोंगरावर न्यायचं, गळ्यात मणी बांधायचे, हातात देवीच्या नावाच्या हिरव्या बांगड्या भरायच्या आणि ती देवीची झाली. तिचं लग्न व्हायचं नाही. डोक्यावर परडी घेऊन जोगवा मागत फिरायचं. पुढं मोठी झाल्यावर तिचं काय होई, कोण तिच्या दारात येई, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे.

"जट कुठून निघाली?" मी विचारलं.

"मानंवर. जितं येणी असती न्हवं का, तितनंच. लक्कव्वा जोगतिणीनं बघून सांगितलं, देवीचीच. समदी पाया पडाय जात्यात. तूबी जाऊन ये."

ती उठून गेल्यावर मी आत गेले. आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"आत्याबाई, मालनची ती जट नाही. ते गंगावन आहे. मी केलेलं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मगच माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. चोरून केल्याबद्दल ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"मूळ-शेंडा लावलावतास?"

"निम्मा."

"निम्मा," त्या म्हणाल्या. करपेपर्यंत त्यांनी भाकरी उलटली नाही. "आनि ती पोर सहा म्हयनं तेच बांधून निजली, त्यातच न्हाली. तिचं नवं केसबी त्यात उगावलं असणार. मग दुसरं काय हुनार?"

"मी जाऊन सांगते त्यांना."

"कुठं जायाचं न्हाई. देवीच्या कामात कासारानं बोट घालायचं न्हाई. उद्या बाजारात एक बाई आपल्याफुडं हात करनार न्हाई. आनि गंगावनाचं म्हनशील तर माझी सासू, तिची सासू, कुनाच्या हातनं गुंतलेलं गेलं न्हाई आजवर. ते समद्या गावाला सांगनार तू?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, पुनव पाच दिवसांवर. सकाळी मी पेटीतली इरकल काढून नेसले, तेलाची बाटली आणि फणी घेतली. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"ठेवणीतलं लुगडं कशाला?"

"साक्षीला," मी म्हटलं आणि त्यांच्या अंगावरून बाहेर पडले. लग्नानंतर त्यांचा शब्द मी पहिल्यांदाच मोडत होते.

म्हादबाच्या अंगणात दहा-बारा बायका जमल्या होत्या. मधे पाटावर मालन. कपाळ, गाल, मान, सगळं भंडाऱ्यानं पिवळं. पाठीवर वेणी नव्हती. काळी, चापट, हातभर लांब अशी वादी लोंबत होती. तिच्याजवळ लक्कव्वा बसली होती. पन्नाशीची, उंच, आवाज पुरुषासारखा. तिची स्वतःची जट मनगटाएवढी जाड, बसली की भुईला टेके. पुढ्यात देवीची परडी.

मी उभ्याउभ्या सांगून टाकलं. हे केस मी बांधले. ताप आला तेव्हा गळलेले मालनचेच केस आहेत. मी घाईत उलटसुलट बांधले म्हणून त्यांचा गुंता झाला. ह्यात देवी कुठं नाही.

म्हादबा पुढं आला. वाईट माणूस नव्हता तो. त्या वर्षी त्याची म्हैस गेली होती, बायको बाळंतपणात गेली होती. घरावर देवीचा कोप आहे असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"मालन," त्यानं विचारलं, "वैनी म्हणत्यात ते खरं हाय?"

मालननं मान खाली घातली. "मला ठावं न्हाई."

बायका कुजबुजायला लागल्या. एकजण म्हणाली, "कासारणीला काय झालंय आज? आता बांगड्याबी देवाच्या न्हवत म्हनंल." दुसरी हसली.

"मालन, माझ्याकडे बघ," मी म्हटलं. "पंचमीच्या आधी फडक्यात बांधून कोण घेऊन आलं होतं?"

तिनं वर बघितलं. डोळे रागानं भरलेले होते. "तुमी देवीची आण घातली हुती, वैनी."

आता सगळ्यांनीच ऐकलं. तिच्याही लक्षात आलं, तिनं ओठ दाबले; पण बोलणं तोंडातून गेलं होतं.

"आण घातली हुती?" लक्कव्वानं विचारलं.

"घातली होती."

"आनि मोडलीस?"

"मोडली. त्याचं काय व्हायचं ते माझं होऊ दे. तिचं नको."

लक्कव्वा शांतपणे म्हणाली, "असंल गंगावन. माझं म्हननं न्हाई न्हाई म्हनून. पर देवी कशात यील ते तू ठरवनार का? तिनं तुझ्या गंगावनात घर केलं. जागा तिची झाली. कात्री लावलीस तर पोर तोंडातनं रगात वकंल."

"कात्री आणलीच नाही," मी हात पुढं करून दाखवले. "ही फणी आणि ही बोटं."

"देवीची जट बोटानं सुटत न्हाई. कुनालाबी इचार."

"आणि सुटली तर?"

उत्तर दिलं ते मालनच्या आजीनं. भिंतीला टेकून बसली होती, तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पांढरे डोळे वर करून म्हणाली, "सुटली तर देवीची न्हवं. माझी आईबी असंच सांगायची."

"ठीक," लक्कव्वा म्हणाली. "दिवेलागणीपतूर. दिवा लागला की पोर माझी."

मी मालनच्या मागं बसले आणि सुरुवात केली.

गुंता मी पुष्कळ सोडवले होते. हा गुंता नव्हता, घोंगडी होती. तेल ओतलं, जिरवलं, बोटांनी पिळलं, एकेक बट ओढून बघितली. मला घाई होती ती दोरा सापडायची. दोरा मानेजवळ होता म्हणून मी मानेजवळूनच उकलत होते. फणीचे दोन दात मोडले. दुपार कलली तोवर दोन बोटं जागा सुटली असेल नसेल. जमलेल्या बायकांतल्या निम्म्या जेवून परत आल्या. त्यांनी पानाची डबी काढली, बाजारभाव निघाले, माझ्याकडे बघून हळू हसणं झालं. लक्कव्वा हलली नव्हती. मालन अंग आखडून बसली होती, दुखलं तरी हूं की चूं करत नव्हती.

"वैनी, सोडा," ती एकदा पुटपुटली. "हुतंय कुठं."

माझ्या नखांतून रक्त यायला लागलं होतं. मी बोटं तेलात बुडवून पुढची बट धरली.

तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी आवाज आला, "सर बाजूला."

आत्याबाई होत्या. एका हातात रिठ्याच्या कोमट पाण्याची कासंडी, दुसऱ्या हातात त्यांची शिंगाची फणी. ती फणी मला आजवर हाताळायला मिळाली नव्हती.

"वरनं सुरू केलंस?" त्या माझ्यावर खेकसल्या. "तुला शिकवलं कुनी? शेंड्याकडनं सोडवत वर यायाचं. वरनं वढलं की खालचं घट्ट हुतंय. परत घाई. एकदा घाई करून भागलं न्हाई हिचं."

मी सरकले. त्यांनी ती वादी रिठ्याच्या पाण्यात बुडवली, हातावर तोलून धरली, आणि मग सगळ्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "ऐका. ह्ये गंगावन माझ्या दुकानातनं गेलंय. गुंतवळीचं हाय, आनि वाईट बांधल्यालं हाय. चूक माझ्या दुकानाची."

मघाची ती बाई म्हणाली, "आवं पर द्वारकाबाई, देवीच्या कामात—"

"तुझ्या डोस्क्यात ऊ झाली की तीबी देवीनं धाडली म्हन," आत्याबाई म्हणाल्या. "बस खाली. न्हाईतर हात लाव, वाटी धर."

पहिल्यांदा आजी हसली. मग दोघी-तिघी. आणि ती बाई खरोखरच उठली आणि तिनं वाटी धरली.

मग सुरू झालं ते खरं काम. आत्याबाई शेंड्याकडून बोटभर भाग घेत, रिठ्याचं पाणी, मग तेल, मग शिंगाच्या फणीचं टोक. सुटलेली बट माझ्याकडे देत, मी ती वेगळी धरून ठेवी. तोंडानं काही बोलत नव्हत्या, फक्त मधूनच "धर", "ढील दे". वादीची लांबी खालून कमी होत गेली. ऊन भिंतीवर चढलं. बायकांचं बोलणं बंद झालं होतं. आधी लांब बसलेल्या आता आमच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

सूर्य घरामागं जायच्या बेतात होता तेव्हा आत्याबाईंची फणी अडली. त्यांनी नखानं तेल पुसलं. आत भंडाऱ्यानं, धुळीनं माखलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते रिठ्याच्या पाण्यानं धुतलं. तांबडा रंग दिसला.

"सात येढं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्या इरकलीचा काठ हातात घेऊन उलटा केला. विस्कटलेली जागा होती तशीच होती. "उंदरानं कुरतडलं म्हनून सांगितलंवतंस, ती हीच का गं जागा?"

"हो."

"त्या उंदरापायी म्या दोन दीस सापळा लावला."

त्यांनी गाठ सोडवली. दोरा उलगडला आणि गंगावन अख्खंच्या अख्खं त्यांच्या हातात आलं. खाली मालनचे स्वतःचे केस होते. नवे, चार-चार बोटं वाढलेले, तेलानं चिकटलेले, पण सुटे. आत्याबाईंनी त्यांतून फणी फिरवली. ती अडली नाही.

मालननं मागं हात नेला. मानेवरून वर, वरून खाली. मग तोंड फिरवून माझ्या कुशीत घातलं.

"समदी पाया पडत हुती, वैनी," ती आतूनच म्हणाली. "काकाबी. आदी जेवाय मला वाढत हुती. आनि मग मला वाटाय लागलं, आसंल बी देवीचं."

कुणी दिवा लावला नव्हता. घरात अंधार पडत आला तरी म्हादबा दिवा न लावताच दारात उभा होता. लक्कव्वानं हात पुढं केला. आत्याबाईंनी तो दोरा तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं तो माझ्या काठाला लावून बघितला, बोटांत फिरवला, परत माझ्याकडे दिला. परडी उचलून डोक्यावर घेतली आणि जाता जाता आजीला म्हणाली, "पोरीला ऊन पान्यानं न्हाऊ घाल. समदं अंग त्याल झालंय."

आत्याबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. पुढचे दोन बाजार आमच्या पडवीत कुणी बसलं नाही. बायका समोरून जात, बघत आणि दुसऱ्या गावच्या कासाराकडून बांगड्या भरून घेत. आत्याबाई रोज सकाळी पडवी सारवत, चटई टाकत आणि पेटारा उघडून बसत. मी एकदा म्हटलं, "माझ्यामुळं झालं." त्यांनी मांडीवरची गुंतवळ माझ्यापुढं ढकलली. "मूळ-शेंडा लाव. समदा. निम्मा न्हाई." त्या वर्षी मी खरं गंगावन करायला शिकले. मालन दुपारची येऊन शेजारी बसे आणि केस चोळून मुळं दाखवी. तिचं बोट माझ्यापेक्षा हलकं होतं. ती अजून आहे, संकेश्वरला नातवंडांत. वर्षातून एकदा फोन करते आणि हटकून पहिलं विचारते, "वैनी, केस हायत का अजून?"

तिसऱ्या बाजारच्या दिवशी भर दुपारी लक्कव्वा आमच्या पडवीत आली. परडी बरोबर नव्हती. रस्त्यावर माणूस मावत नव्हतं. ती चटईवर आमच्याकडे पाठ करून बसली आणि आपली जट हातानं उचलून माझ्या मांडीवर ठेवली. तिचं वजन तान्ह्या पोराएवढं होतं.

"बघ," ती म्हणाली.

मी दाबून बघितली, वास घेतला. आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी नाही अशी मान हलवली.

"ही सुटायची नाही, लक्कव्वा," मी म्हटलं. "किती वर्षांची?"

"म्या अकरा वर्सांची हुते."

"चाळीस वर्षं झाली. बोटांनी नाही व्हायचं."

"सोडव कुठं म्हनतीया." तिचा तो पुरुषी आवाज खाली आला. "त्यात कुनाचा दोरा हाय का, तेवडं बघ."

मी बघितलं. आत्याबाई उठून माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनीही बघितलं. आम्ही दोघींनी मानेपासून टोकापर्यंत ती जट बोटाबोटानं चाचपली, जिथं फणीचं टोक शिरेल तिथं घातलं, तेल सोडलं. तीत भंडारा होता, राख होती, कुठल्या तरी जत्रेतलं एक वाळलेलं पान होतं. गिऱ्हाईक नव्हतंच, आम्हाला कसलीही घाई नव्हती. लक्कव्वा रस्त्याकडे तोंड करून ताठ बसली होती.

शेवटी मला सांगावं लागलं. "नाही, लक्कव्वा. दोरा नाही."

"कसलाच?"

"कसलाच नाही."

ती हलली नाही. रस्त्यावरून कुणीतरी तिला वाकून नमस्कार करून गेलं. तिनं आशीर्वादाला हात वर केला नाही.

"माझ्या येळंला अशी आजी न्हवती तितं," ती म्हणाली. "सुटली तर न्हवं, म्हनाय कुनी न्हवतं." मग मान जराशी पुढं झुकवली. "नसू दे दोरा. काप."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी बांगड्यांच्या पेटाऱ्याखालून कात्री काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

कापायला वेळ लागला. कात्री जुन्या दोरखंडात अडावी तशी अडत होती. रस्त्यावरची माणसं थांबली होती, पण पडवीची पायरी कुणी चढलं नाही. जट खाली पडली तेव्हा तिचा आवाज झाला. लक्कव्वानं मागं वळून तिच्याकडे बघितलं नाही. तिनं मान डावीकडं केली, उजवीकडं केली, मग दोन्ही हात आत्याबाईंपुढं धरले.

"हिरव्या नगंत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुठल्याबी भर."

आत्याबाईंनी तिला जांभळ्या बांगड्या भरल्या, डझनभर, एकही पिचू न देता. मग ती उठली. बाजार ऐन भरात होता. लोकांनी वाट दिली. डोक्यावर पदर न घेता ती मधूनच चालत गेली.